मुकादमाचे ओठ

बाईंच्या घरात ‘खडी’ या पिक्चरचं नाव काढायला मनाई होती, आणि ती मनाई दिवसातून सरासरी चार वेळा मोडली जायची. बाई मोजत. मोजणं हा त्यांचा स्वभावच. कोण किती वेळा ‘हे शेवटचं सांगतो’ म्हणालं, कोणत्या पाहुण्याने किती वेळा घड्याळाकडे पाहिलं, कोणत्या नातेवाइकाने तब्येतीची चौकशी केली आणि उत्तर मात्र ऐकलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात टिपलेलं असे. त्याचा त्या फारसा वापर करत नसत. टिपलेलं आहे एवढं समोरच्याला कळू देत, आणि तेवढ्यावर भागे.

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. सव्वीस वर्षं मुलांना ओठ वाचायला शिकवून शिकवून त्यांना स्वतःला रस्त्यापलीकडचं बोलणंही वाचता यायला लागलं होतं. गल्लीतल्या लोकांना हे ठाऊक होतं. बाई खिडकीत दिसल्या की समोरच्या ओट्यावरची कुजबुज तोंडावर हात धरून व्हायची.

नवरा शिंपी. त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. घरात एक बाई आणि एक मास्तर म्हटल्यावर नवख्या माणसाला वाटे, दोघंही शाळेतच आहेत. मास्तरांनी तो गैरसमज कधी आपणहून दूर केला नाही.

बाईंचा धाकटा भाऊ मास्तरांच्याच दुकानात इस्त्री करायचा. एकच शटर, आत डावीकडे मास्तरांचं मशीन, उजवीकडे धाकट्याचं टेबल. डावीकडे शिवलेली पँट उजवीकडे जाऊन कडक व्हायची आणि मग गिऱ्हाइकाकडे जायची. उजवीकडे इस्त्रीला आलेल्या शर्टाचं बटण तुटलेलं असलं की शर्ट डावीकडे यायचा. धाकट्याला लोक ‘वाफ्या’ म्हणत. इस्त्रीमुळे म्हणत असं त्याला वाटे, पण कारण स्वभावाचं होतं. चटकन तापायचा आणि कपड्याची घडी घालून होईपर्यंत निवायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. दुपारचं जेवण ताईकडे, आणि जेवताना तोंडी लावायला ‘खडी’.

हा पिक्चर आला तेव्हा मास्तर आणि वाफ्या नुसते मित्र होते, नातं नंतर जुळलं. खडी-वाळूच्या धंद्यावर दहशत बसवणाऱ्या टोळीची गोष्ट. म्होरक्याला सगळे ‘मुकादम’ म्हणतात. पिक्चरमध्ये गाणं नाही, बागेत कोणी फिरत नाही, अडीच तास नुसती धूळ, थुंकणं, मारामारी आणि माणसांच्या पाठी. पहिल्या दिवशी मध्यंतरात अर्धं थिएटर उठून गेलं ते परत आलं नाही. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं आणि येताना आणखी दोघा-दोघांना घेऊन आलं. अकरा दिवसांत पिक्चर उतरला. पण डोक्यांतून उतरला नाही. बावीस वर्षं झाली तरी गल्लीत दोन तट होते. एक म्हणे, असली घाण पडद्यावर दाखवायची कशाला. दुसरा म्हणे, घाण आहे म्हणून तर खरं आहे. दाताचे डॉक्टर दुसऱ्या तटातले. पेशंटचं तोंड उघडं असताना ते मुकादमाचे संवाद म्हणत, कारण मधे कोणी बोलायची भीती नसे. सलूनमध्ये आरशाच्या वर मुकादमाचा फोटो होता, त्या प्रसिद्ध नजरेचा.

ती नजर शेवटच्या प्रसंगातली. मुकादमाचा लहानपणचा सोबती फितूर झालाय, खडीच्या ढिगावर आडवा पडलाय, डोळे मिटलेत. मुकादम पिस्तूल रोखतो. थांबतो. कडेला कुठेतरी बघतो. ओठ हलतात, पण आवाज येत नाही. मग गोळी. सगळे म्हणत, तो शब्द सेन्सॉरने कापला.

आणि तो शब्द कोणता, यावर बावीस वर्षं वाद चालू होता, आधी थिएटरबाहेर आणि लग्नानंतर बाईंच्या जेवणाच्या टेबलावर.

“‘मित्रा’ म्हणतो तो,” मास्तर म्हणत. “हळूच. मारायच्या आधी एकदा हाक मारतो. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच मऊ आहे.”

“दाजी, ‘मित्रा’ला कात्री कोण लावेल? ‘मित्रा’ काय वाईट शब्द आहे?” वाफ्या म्हणे. “शिवी आहे ती. भकाराची. आणि ती शिवी तो फक्त त्यालाच देऊ शकतो, दुसऱ्या कोणाला नाही. त्यातच प्रेम आलं सगळं.”

“तुझं प्रेम इस्त्रीसारखं. चटका बसल्याशिवाय कळत नाही.”

“आणि तुमचं अस्तरासारखं. आहे आहे म्हणायचं, दिसत कुणाला नाही.”

बाई म्हणत, “वाढू का अजून?” म्हणजे पुरे.

त्यांना कोणी निकाल विचारला नव्हता, कारण पिक्चरची प्रत इतकी काळपट आणि ओरखड्यांची होती की मुकादमाला ओठ आहेत हेही अंदाजाने मानावं लागे. शिवाय बाई टीव्हीवर ‘खडी’ लागला की उठून जात. मुलांना एकेका अक्षरासाठी आठ-आठ दिवस घाम गाळताना पाहिलं होतं त्यांनी. ज्यांना बोलता येतं त्यांनी तोंडाचा असा उपयोग करावा, याचा त्यांना मनापासून राग येई.

मग पिक्चरची नवी, धुऊन-पुसून लख्ख केलेली प्रत आली. दुकानात एका गिऱ्हाइकाने फोनवर आणली. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली, वाफ्याने इस्त्री उभी केली, आणि दोघांनी डोक्याला डोकं लावून शेवटचा प्रसंग पाहिला. मुकादमाचे ओठ आता स्वच्छ दिसत होते. मिटले, उघडले.

“मिटले! म! मित्रा!” मास्तर ओरडले.

“मिटले! भ!” वाफ्या ओरडला.

पुढे काय झालं ते गिऱ्हाइकाने नंतर गल्लीभर सांगितलं. वाफ्या म्हणाला, तुम्हाला पिक्चर कधी कळलाच नाही, तुम्ही बावीस वर्षं पडद्यावर स्वतःचं तोंड बघताय. मास्तर म्हणाले, “गप बस, साल्या!”

आता मास्तरांचं म्हणणं असं, की बायकोच्या भावाला साला म्हणतात, जगात म्हणतात, त्यांनी नातं सांगितलं. वाफ्याचं म्हणणं, की नातं सांगायचं होतं तर लग्न झाल्यापासून एकदाही का नाही सांगितलं, आणि सांगताना टेबलावर हात का आपटला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मास्तरांनी दुकानाच्या फरशीवर कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ ओढली. शिवलेल्या पँटी चुरगळलेल्याच बाहेर जाऊ लागल्या आणि इस्त्रीचे शर्ट कडक पण बिनबटणाचे. निरोप गिऱ्हाइकांच्या तोंडून जात. “मास्तरांना सांगा, त्यांची कात्री माझ्या हद्दीत आलीये.” “त्यांना सांगा, वाफ माझ्या हद्दीत येते ती आधी थांबवा.” दाताचे डॉक्टर कोटाचं माप द्यायला आले आणि अर्धा तास पोस्टमनसारखे उभे राहून गेले.

बाईंनी पहिले चार दिवस मजा पाहिली. टेबलावर शांतता होती आणि खडीचं नाव नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आता जेवायला दोन पाळ्या आहेत. एक आधी जेवतो, दुसरा नंतर, आणि दोघंही ताटात बघून जेवतात. नवव्या दिवशी वाफ्या म्हणाला, “ताई, मी जागा बघितलीये. नदीपलीकडे. एक तारखेला टेबल हलवतो. तिथून दुपारचं यायला जमायचं नाही.”

त्या रात्री बाईंची बेरीज पहिल्यांदा चुकली. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा. कुठूनही मोजलं तरी घरात एक माणूस कमी येत होता.

अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांनी दोघांना घरी टीव्हीसमोर बसवलं. मास्तर खुर्चीत, वाफ्या दाराजवळच्या स्टुलावर, उठून जायच्या तयारीत.

“आधी मला एक सांगा,” बाई मास्तरांना म्हणाल्या. “तुम्ही म्हणता, मित्र मित्राला शिवी देत नाही. मग दुकानात दिलीत कशी?”

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

“आणि तू. तुझ्या मते शिवी म्हणजे प्रेमाचा कळस. मग एवढ्याशा शिवीने तुला ताप आला?”

“ते पिक्चरमधलं झालं, ताई.”

“बरं. आता मी बघते. ओठांवर जे असेल तेच सांगेन. ज्याला पटणार नाही त्याने आत्ताच सांगावं.”

दोघांनी माना डोलावल्या. सव्वीस वर्षांत बाईंनी ओठांवर नसलेला शब्द कधी सांगितला नव्हता. त्यांच्या मुलांना सगळं जग त्यांच्याच भरवशावर कळत होतं, त्यामुळे ती चैन त्यांना परवडण्यासारखी नव्हती. मनातून मात्र त्या घाबरल्या होत्या. ‘मित्रा’ निघालं तर भाऊ नदीपलीकडे जाणार. शिवी निघाली तर नवरा आयुष्यभर मुका होणार. आणि खोटं सांगायचं तर मग सोमवारी फळ्यासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

प्रसंग लागला. खडीचा ढीग, धूळ, पिस्तूल. मुकादमाचे ओठ मिटले.

आता प, ब, भ आणि म ही चार अक्षरं म्हणजे ओठांना एका तोंडवळ्याची भावंडं. पाळ, बाळ, भाळ, माळ, आवाज काढून घेतला की चारही एकच. कोण कोणतं हे मुलांना कळावं म्हणून बाई त्यांचा हात गळ्याला लावत, नाकाला लावत, तोंडासमोर कागदाची पट्टी धरत. पडद्यावरच्या माणसाच्या नाकाला हात लावता येत नाही. म्हणजे मास्तर आणि वाफ्या, दोघांनीही पहिलं अक्षर बरोबरच पाहिलं होतं आणि त्यावरून काहीही ठरत नव्हतं. ठरणार होतं ते दुसऱ्यावरून.

“पुन्हा लावा.”

मिटलेले ओठ उघडले ते पुढे आले, गोल. ‘मि’ असता तर कडा ताणल्या असत्या. वाफ्याच्या त्या शिवीतही ओठ असे चंबू होत नाहीत. मास्तर गेले, वाफ्याही गेला. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नाही.

“पुन्हा.”

गोल ओठ, जिभेचं टोक वर वळलेलं, मग कडा मागे. मग जबडा उघडा, आणि शेवटी पुन्हा किंचित मागे.

पुढे. काय.

पुढे काय?

बाईंनी नजर ओठांवरून डोळ्यांवर नेली आणि मग त्यांना आतून गालच चावून धरावा लागला. ती नजर! सलूनच्या भिंतीवरची, दाताच्या डॉक्टरांच्या मते सगळ्या मनुष्यजातीचं दुःख साठलेली, कडेला कुठेतरी बघणारी नजर. ती बाईंनी दरवर्षी पाहिली होती. शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणता म्हणता मूल अडकतं, हनुवटी जराशी वर होते, आणि डोळे पडद्याआड उभ्या बाईंना शोधतात. नेमकी तीच. मुकादम आपलं वाक्य विसरला होता. कॅमेऱ्याच्या बाजूला कोणीतरी कागद घेऊन उभं असणार, त्याला तो विचारत होता, पुढे काय? आणि मग कोणी सांगेना म्हणून घाबरून त्याने गोळी झाडली असणार. आवाज काढून टाकला तो सेन्सॉरने नव्हे, लाजेने.

बावीस वर्षं! अख्खी गल्ली, दोन तट, खडूची रेघ, नदीपलीकडची जागा, सगळं एका न झालेल्या पाठांतरापायी.

“हसतेयस का, ताई?”

“हसत नाहीये. पुन्हा लावा.”

चौथ्या वेळी त्यांना खरंच हसू आलं नाही. हातात पिस्तूल, पायाशी सोबती, तो डोळे मिटून मेल्यासारखा पडलेला, त्याची काही मदत नाही. आणि या माणसाला पुढचं काही म्हणजे काही आठवत नाही. अडीच तास सगळे दात-ओठ खाऊन, थुंकून, ओरडून राग दाखवत होते, तो सगळा केलेला होता. हे दोन क्षण कोणी केलेले नव्हते. तो माणूस खरोखरच हरवला होता. लोक शिव्यांसाठी येतो म्हणत आणि येत होते हे बघायला, आणि त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बाईंना हे कबूल करायला जड गेलं, पण टिपून ठेवल्याशिवाय राहवेना.

“बाई, सांग आता,” मास्तर म्हणाले.

“‘मित्रा’ नाही.”

वाफ्या स्टुलावरून उठला. “बघा! मी काय—”

“शिवीही नाही. बस खाली.”

तो बसला.

“तो म्हणतो, ‘पुढे काय?’”

मास्तरांनी शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले, कापड बोटांत चुरगाळून बघावं तसे. मग वाफ्याने मुकादमाच्या आवाजात म्हटलं, हळू, “पुढे काय?” आणि आपली बाही वर सरकवली.

“दाजी, हे बघा. काटा आला.”

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कोणाशी बोललो. पण हात पुढे केलेला, आता मागे घेणार कसा? मास्तर वाकले, चष्म्यातून त्यांनी तो हात मनगटापासून कोपरापर्यंत पाहिला.

“मलाही आला,” ते म्हणाले. “पाठीवर आहे, दाखवता येत नाही.”

“म्हणजे... याला मारलं की आपलं कोणीच उरत नाही, हे कळतंय त्याला.”

“कळतंयच. सोबत्यालाच विचारतोय, सांग बाबा, तुझ्याशिवाय पुढे काय?”

“सोबत्याला नाही हो, स्वतःला! सोबत्याकडे बघत कुठेय तो?”

“मग कडेला कोणाकडे बघतोय? बाई, डोळ्यांचं काय? कोणाकडे बघतोय तो?”

दोघंही त्यांच्याकडे पाहू लागले. बाईंनी क्षणभर विचार केला.

“ते मला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “मी ओठांची बाई. डोळे तुमचे तुम्ही बघा.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. दोघं लगेच भिडले. मास्तरांच्या मते मुकादम देवाकडे बघत होता, वाफ्याच्या मते देव असा उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर नसतो. आवाज चढले, टेबलावर दोन हात आपटले गेले, आणि मधेच वाफ्या उठून फोनवर कोणाला तरी म्हणाला, “ती जागा नकोय मला. नाही, नाही, जागा चांगली आहे हो. इथेच काम निघालं.” आणि फोन ठेवता ठेवता, “दाजी, पण देव असता तर वर बघितलं असतं ना!”

बाई उठल्या. चहा टाकावा आणि दोघांना एकदमच द्यावा, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात मास्तर म्हणाले, “आता पहिल्यापासून बघावा लागणार. सगळ्याचा अर्थच बदलला.”

“आणि ताई आहेच,” वाफ्या म्हणाला. “बाकीच्या जागाही होऊन जातील.”

“कसल्या जागा?”

“आवाज कापलेल्या. ही शेवटची. आधीच्या सोळा आहेत.”

बाई दारातच थांबल्या. या सोळांत कोणी काही विसरलेलं असणार नाही, हे त्यांना लगेच कळलं. ती मंडळी पाठ करून आलेली होती. पण जे ओठांवर असेल ते सांगेन, हे त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी या दोघांसमोर कबूल केलं होतं, आणि मुदत घातली नव्हती.

पहिली जागा सातव्याच मिनिटाला आली. ट्रकच्या टपावर उभं राहून मुकादम खाली कोणाला तरी काही म्हणाला, चांगलं लांबलचक. बाईंनी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“काय म्हणतो, ताई?”

“शिवी आहे.”

“ते माहितीये. कोणती?”

मास्तर मुकाट्याने उठले, त्यांनी खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि परत येऊन बसले. बाईंनी पदर नीट केला, घसा साफ केला, आणि वर्गात म्हणतात तशी, एकेक अक्षर सुटं, ओठ पूर्ण उघडून, शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसेल अशी ती सगळी शिवी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.

बावीस वर्षं शिव्यांच्या बाजूने बोललेला वाफ्या जमिनीकडे बघत होता.

“पंधरा राहिल्या,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली खुर्ची टीव्हीजवळ ओढली. “पुढची लावा.”